प्रस्तावना : घडीचा कॅमेरा आणि कृष्णधवल रोल

छायाचित्रणाच्या इतिहासात लायका आणि रोलायफ्लेक्स यांना मानाचे पान मिळते. घडीच्या कॅमेऱ्याची बहुधा एका ओळीत बोळवण होते. वास्तविक १९०० ते १९६० या सहा दशकांत हौशी माणसांनी, सैनिकांनी, प्रवाशांनी जे फोटो काढले, त्यांतला मोठा हिस्सा या जातीच्या कॅमेऱ्यावरचा आहे. पुढचे झाकण उघडले की आतला चामड्याचा भाता ताणला जातो आणि लेन्स खटकन जागेवर बसते. मिटला की सारा कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. आत असतो १२० चा रोल : सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची, पाठीला कागद लावलेली फिल्म. हे पुस्तक या कॅमेऱ्याविषयी आणि त्यात घालायच्या कृष्णधवल फिल्मविषयी आहे. आज या जोडीकडे वळणारे बरेच जण जुन्या वस्तूंच्या ओढीने किंवा फोटोच्या ‘जुन्या दिसण्या’साठी वळतात. माझे म्हणणे वेगळे आहे. छायाचित्र घडायला जे निर्णय लागतात ते हा कॅमेरा एकमेकांपासून सुटे ठेवतो, आणि कृष्णधवल फिल्म त्या निर्णयांची साखळी प्रिंटपर्यंत एकाच माणसाच्या हाती राहू देते. खिशात मावणाऱ्या आकारात अख्खे छायाचित्रण शिकवणारे याहून चांगले साधन मला माहीत नाही.

हा कॅमेरा का जन्मला हे समजायला निगेटिव्हच्या आकारापासून सुरुवात करावी लागते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या फळीत होते. त्या काळात फोटो म्हणजे काचेची जड प्लेट. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत तर प्लेट वाळायच्या आत डेव्हलप करावी लागे, म्हणून डार्करूमचा तंबूही सोबत न्यावा लागे. एन्लार्जर सर्रास हाताशी नव्हता. निगेटिव्ह कागदावर दाबून तेवढ्याच आकाराचे प्रिंट काढले जाई, त्यामुळे हातात धरून पाहण्याजोगा फोटो हवा असेल तर निगेटिव्हही तेवढीच मोठी लागे. रोलफिल्म आल्यावर काचेचे ओझे गेले, पण मोठ्या निगेटिव्हची गरज उरलीच. मोठ्या निगेटिव्हला लांब फोकल लेंग्थची लेन्स लागते आणि लेन्स व फिल्म यांच्यात तेवढे अंतर लागते. ते अंतर काम नसताना दुमडून ठेवायचे, ही भात्यामागची सगळी युक्ती. कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी क्रमांक २ या डबा-कॅमेऱ्यासाठी १२० चा रोल काढला. १९०३ चा ३ए फोल्डिंग पॉकेट कोडॅक थेट पोस्टकार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देई. १९१२ मध्ये व्हेस्ट पॉकेट कोडॅक आला. तो १२७ च्या अरुंद रोलवर चालणारा, बंडीच्या खिशातला कॅमेरा होता, आणि पहिल्या महायुद्धात ‘सैनिकाचा कोडॅक’ म्हणून त्याची जाहिरात झाली. अंटार्क्टिकात शॅकल्टनचे एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा छायाचित्रकार फ्रँक हर्लीला आपली अवजड सामग्री टाकून द्यावी लागली. त्याने जवळ ठेवला तो खिशातला व्हेस्ट पॉकेट कोडॅक आणि तीन रोल. पुढच्या महिन्यांतले फोटो त्याच कॅमेऱ्यावरचे आहेत.

अमेरिकेने हा कॅमेरा घरोघरी नेला, पण त्याला उंची दिली जर्मनीने. १९०२ मध्ये त्साइसच्या पॉल रुडॉल्फने टेसार ही चार भिंगांची लेन्स घडवली आणि १९१२ मध्ये म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलने कॉम्पूर शटर आणले. पुढच्या चाळीस वर्षांतले बहुतेक चांगले घडीचे कॅमेरे म्हणजे या दोन कल्पनांचा किंवा त्यांच्या भावंडांचा संसार. १९२६ मध्ये चार कंपन्या एकत्र येऊन ड्रेसडेनला त्साइस इकॉन झाली. तिचा इकॉन्टा १९२९ चा आणि लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर असलेला सुपर इकॉन्टा १९३४ चा. ब्राउनश्वाइगच्या फॉयग्टलेंडरने बेसा आणि पुढे लहानखुरा पर्केओ काढला. अॅग्फाचा इझोलेट हा मध्यमवर्गाचा कॅमेरा. इंग्लंडच्या एन्साइनने आपली वेगळी, भक्कम घडण जपली. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाने क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात मोस्क्वा ही मालिका सुरू केली. ती इकॉन्टा-सुपर इकॉन्टाचीच आवृत्ती होती आणि तिचा शेवटचा, पाचवा अवतार आजही सढळ मिळतो. जपानची वाट निराळी. १९४० च्या मामिया सिक्समध्ये फोकस करताना लेन्स जागची हलत नाही, मागची फिल्मच पुढेमागे सरकते. लेन्स ताठ बसवायची अडचण सोडवण्याचा हा मला सर्वांत सुंदर वाटणारा मार्ग आहे. १९५० चे दशक सरता सरता ३५ मिलिमीटरच्या फिल्म आणि कॅमेरे एवढे सुधारले की घडीचा कॅमेरा बाजारातून ओसरला. तरी कल्पना मेली नाही. २००९ मध्ये फुजीने जीएफ६७० या नावाने १२० चा घडीचा कॅमेरा नव्याने बाजारात आणला होता.

प्रत्यक्ष कॅमेरा हातात घेतला म्हणजे ‘सुटे निर्णय’ याचा अर्थ कळतो. रोल भरल्यावर पाठीवरच्या लाल काचेच्या छोट्या खिडकीतून कागदावरचे आकडे पाहत फिल्म पुढे न्यायची. सहा बाय नऊच्या चौकटीत आठ फोटो, सहा बाय सहात बारा, सहा बाय साडेचारात सोळा. ती काच लाल असण्याचे कारण असे की जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला तो दिसतो, म्हणून आकडा पाहून झाला की खिडकी झाकायची आणि भर उन्हात रोल सरकवताना अंगाची सावली धरायची. बऱ्याच कॅमेऱ्यांत फिल्म पुढे नेणे आणि शटर ताणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक विसरलात तर एकाच चौकटीवर दोन फोटो, दुसरी विसरलात तर बटण दाबूनही काही नाही. झाकण झटक्याने उघडले तर भात्यात पोकळी होऊन फिल्म पुढे ओढली जाते आणि सपाट राहत नाही. म्हणून झाकण हळू उघडायचे आणि फिल्म पुढे न्यायची ती झाकण उघडल्यावर. अंतराचेही तसेच. १०५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरचा चेहरा एफ ४.५ वर टिपायचा तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटरची. नाकावर नेम धरला तर कान सुटू शकतो. उलट एफ १६ वर दहा मीटरला फोकस ठेवला की पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे ठीक. त्साइसच्या साध्या कॅमेऱ्यांवर अंतराच्या आणि अॅपर्चरच्या पट्टीवर एकेक लाल ठिपका असतो. दोन्ही ठिपके जुळवले की काही मीटरपुढचे सर्व स्पष्ट. कारखान्याने हौशी माणसाला दिलेला तो एक तयार निर्णय. बाकीचे सगळे त्याने स्वतः घ्यायचे. आजच्या कॅमेऱ्यात हेच निर्णय होतात, फक्त ते कोणी आणि कशाच्या आधारावर घेतले हे आपल्याला दिसत नाही. इथे प्रत्येक निर्णयाला हाताची एक हालचाल आहे आणि प्रत्येक चुकीचा निगेटिव्हवर माग राहतो.

आता फिल्मकडे. रंगीत फिल्मची रसायने आणि तापमान यांना ढील नसते, त्यामुळे बहुतेकांना ती लॅबकडेच सोपवावी लागते. कृष्णधवल फिल्म स्वयंपाकघराच्या ओट्याशीही डेव्हलप होते आणि तिच्यात माणसाच्या मताला जागा असते. या मतांचे पंथही आहेत. सावलीतला तपशील टिकेल एवढे एक्स्पोजर द्यावे आणि उजळ भाग किती उजळू द्यायचा हे डेव्हलपिंगच्या वेळेने ठरवावे, हे सूत्र जुने आहे. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास त्याची झोन सिस्टिम केली. रोलफिल्मवर ती चालत नाही असा आक्षेप घेतला जातो, कारण एका रोलवरचे सगळे फोटो एकत्र डेव्हलप होतात. छत्तीस फोटोंच्या रोलला तो लागू आहे. आठ फोटोंचा रोल मात्र एकाच जागी, एकाच उजेडात संपवता येतो आणि त्या उजेडाला साजेसा डेव्हलप करता येतो. मे महिन्याच्या दुपारी काळ्या कातळाचा किल्ला टिपला असेल तर एक्स्पोजर वाढवून डेव्हलपिंग कमी करायचे. कोकणातल्या आषाढी ढगाखालचा पाणथळ उजेड असेल तर उलट. दुसरा पंथ डेव्हलपरवरून पडतो. १९२७ च्या कोडॅक डी-७६ च्या घराण्यातले डेव्हलपर दाणा बारीक ठेवतात, तर १८९१ पासून चालत आलेला रोडिनाल दाणा लपवत नाही, कडा मात्र धारदार देतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर रोडिनालचा दाणा अनेकांना खुपतो. सहा बाय नऊच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ तिच्या पाचपटीहून अधिक असल्याने प्रिंटमध्ये तो दाणा फारसा वाढत नाही आणि धार तेवढी पदरात पडते. आकाराचा फायदा तिथे डोळ्यांना दिसतो.

आपल्याकडच्या माणसाला परदेशी पुस्तके न सांगणारी एक अडचण आहे, ती पाण्याची. इल्फर्डच्या एचपी५ प्लसला आयडी-११ मध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे लागतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या नळाचे पाणी तीस अंशांच्या पलीकडे असते, आणि तिथे ही वेळ इतकी आखडते की फिल्म सर्वत्र सारखी डेव्हलप होत नाही. डेव्हलपर पातळ करून वेळ लांबवायची, बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवायच्या आणि डेव्हलपर, फिक्सर, शेवटचे पाणी यांचे तापमान एकमेकांच्या जवळ ठेवायचे, हे उपाय आहेत. तापमानात मोठी उडी पडली तर जिलेटिनचा थर सुरकुततो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि चामड्याचा भाता घडीच्या कोपऱ्यांवर कुजतो. कॅमेरा महिनोन्महिने मिटून कपाटात ठेवणे हा इथल्या हवेत त्याच्यावर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. या पुस्तकात हवामानाला जेवढी जागा दिली आहे तेवढी लेन्सच्या तुलनेला दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

या साऱ्या खटाटोपावर घेतले जाणारे आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप गुणवत्तेचा. भात्यावरची लेन्स डब्यात घट्ट बसवलेल्या लेन्सइतकी ताठ राहत नाही, तीन भिंगांची स्वस्त लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यांत मऊ पडते, आणि रोलायफ्लेक्स याच आकाराची फिल्म अधिक नेमकेपणाने वापरतो. हे सर्व खरे आहे. म्हणून एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान काम करावे, आणि ज्याला नेमकेपणाच सर्वांत वर ठेवायचा आहे त्याने रोलायफ्लेक्सच घ्यावा. पण रोलायफ्लेक्स खिशात मावत नाही, सोबत न्यायचा की नाही याचा विचार करावा लागतो. दुसरा आक्षेप असा की अखेर निगेटिव्ह स्कॅनच करायची, मग डिजिटल कॅमेरा काय वाईट? स्कॅन ही निगेटिव्हची एक प्रत आहे. स्कॅनर बदलला, मत बदलले, एन्लार्जर मिळाला की मूळ निगेटिव्हपासून पुन्हा सुरुवात करता येते. तिसरा आक्षेप संथपणाचा : फोटो हळू काढला म्हणून चांगला होत नाही. मलाही हेच वाटते. संथपणाचे जे कौतुक चालते त्यात तथ्य थोडे आहे. ब्रासाईने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसची रात्र टिपली ती फॉयग्टलेंडरच्या घडीच्या प्लेट कॅमेऱ्यावर, आणि त्या फोटोंचे बळ कॅमेऱ्याच्या मंदगतीत नाही. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडाला किती वेळ द्यायचा हे त्याने ठरवले आणि त्या निर्णयाची किंमत त्याला ठाऊक होती, तिथे ते बळ आहे. राहिला खर्चाचा आणि पर्यावरणाचा आक्षेप. त्याला पुरते उत्तर नाही. रोल महाग आहे आणि वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतू नये. कमी फोटो काढणे एवढाच प्रामाणिक उपाय आहे, आणि आठ चौकटींचा कॅमेरा तो आपोआप करून घेतो.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली, सामग्री अजून मिळते आणि ती मिळत राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. इल्फर्ड २००४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होती, अॅग्फाफोटो २००५ मध्ये बुडाली, कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ‘इंदू’ या नावाने त्याची कृष्णधवल फिल्म देशभर खपली. तोही बंद झाला आणि आज आपला प्रत्येक रोल परदेशातून येतो. इल्फर्ड हारमन या नावाने सावरली, चेक प्रजासत्ताकातला फोमाचा कारखाना चालू आहे, कोडॅकचा ट्राय-एक्स मिळतो, म्हणून आज हे शिकता येते. दुसरी गोष्ट मोठी आहे. कधीही न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र आज कोणीही क्षणात तयार करू शकतो. अशा काळात निगेटिव्हला पुरावा म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. इंग्लंडमध्ये कॉटिंग्ले गावात १९१७ मध्ये दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून त्यांचे फोटो काढले. निगेटिव्ह अस्सल होत्या, पऱ्या खोट्या होत्या, आणि ती कबुली यायला १९८३ उजाडले. निगेटिव्ह सत्य सांगतेच असे नाही. ती एवढेच सांगते की त्या वेळी, त्या लेन्सपुढे, एवढा उजेड पडला होता. तेवढे सांगणारी वस्तू आता दुर्मीळ होत चालली आहे, आणि ती स्वतःच्या हाताने कशी तयार होते हे ठाऊक असलेला माणूस इतर चित्रांकडेही अधिक सावधपणे पाहतो.

मराठीत छायाचित्रणावर लेखन झाले आहे, परंतु त्यातला भर सौंदर्यदृष्टीवर किंवा नव्या कॅमेऱ्यांच्या वापरावर असतो. जुना कॅमेरा विकत घेताना काय पाहायचे, अंधाऱ्या खोलीत भात्यात विजेरी घालून छिद्रे कशी शोधायची, अॅग्फाच्या लेन्समधले गोठलेले हिरवट ग्रीस कसे मोकळे करायचे, जुना कोडॅक ६२० च्या स्पूलचा असेल तर त्यात १२० चा रोल कसा गुंडाळून घालायचा, हे ज्ञान मराठीत आजवर तोंडी चालत आले. ज्यांच्याकडे ते होते ते स्टुडिओवाले आणि दुरुस्ती करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. हे पुस्तक ते लिहून ठेवते आणि प्रत्येक कृतीमागचे कारण देते. संग्राहकांसाठी ते नाही; कोणत्या मॉडेलला बाजारात काय भाव येतो, हे इथे सापडणार नाही. एक्स्पोजर म्हणजे काय हे ज्याला नव्याने शिकायचे आहे त्याच्यापासून ते सुरू होते आणि स्वतःचे प्रिंट स्वतः काढणाऱ्यापाशी थांबते. मोबाइलमधला लाइटमीटर वापरण्यास त्याचा विरोध नाही. आकडा मोबाइलने द्यावा, सावली किती गडद ठेवायची हे मात्र वाचकाने ठरवावे, एवढाच त्याचा आग्रह.

एक विनंती. १२० ची फिल्म महाराष्ट्रातल्या घरांत पूर्वीपासून आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने काढलेला अॅग्फा क्लिक-३ हा घडीचा कॅमेरा नव्हता, पण त्याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढी, आणि तालुक्याच्या गावांतले स्टुडिओही हीच फिल्म वापरत. आल्बममधले प्रिंट आपण जपतो. निगेटिव्ह मात्र पिवळ्या पाकिटात राहतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. मूळ वस्तू त्या आहेत, आणि नीट फिक्स होऊन धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त तपशील धरून असते. हे पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी घरातली अशी पाकिटे शोधा, प्लास्टिकमधून काढून कोरड्या, आम्लमुक्त कागदात ठेवा, आणि आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह बाकीच्यांपासून वेगळ्या करून आधी स्कॅन करून घ्या.